वेगवान गाडीचे मागचे टायर कसे निवडावेत

पुण्यात राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांकडे बीएमडब्ल्यूची एम३४०आय ही गाडी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचे मागचे दोन्ही टायर झिजले, तेव्हा पुढच्या दोघांचे निम्मे आयुष्य शिल्लक होते. टायरच्या दुकानात त्यांना सांगण्यात आले की, मागे २५५ ऐवजी २६५ रुंदीचे टायर घाला, पकड वाढेल, गाडी भारदस्त दिसेल आणि माल आजच्या आज मिळेल. त्यांनी मला फोन करून विचारले की, दहा मिलिमीटरने असा काय फरक पडणार आहे? त्या दहा मिलिमीटरमध्ये इतक्या गोष्टी गुंतलेल्या आहेत की फोनवर त्यांचे समाधान होईल असे उत्तर मला देता आले नाही. ते उत्तर येथे सविस्तर मांडतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सर्व तिच्यावर उभे आहे. मागचे टायर विकत घेताना बहुतेक जण ‘या टायरची पकड किती?’ असे विचारतात. त्याआधी विचारण्याचा प्रश्न ‘पुढच्या टायरांशी याचे जमेल का?’ हा आहे. चार चाकांवर धावणारी गाडी ही चार टायरांची बेरीज नसते. पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्यात निर्मात्याने काळजीपूर्वक साधलेला एक तोल असतो आणि मागचे टायर बदलताना आपण त्या तोलालाच हात घालत असतो.

रस्त्याला टेकणारा ठसा

एम३४०आयचे वजन साधारण १,७५० किलो आहे. त्यातले सव्वाचारशे ते साडेचारशे किलो एकेका मागच्या चाकावर येते. टायरमध्ये २.५ बार हवा असेल, तर एवढे वजन पेलण्यासाठी टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, त्याचे क्षेत्रफळ ढोबळ हिशेबाने १७० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे टपाल खात्याच्या पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा तुकडा. साडेतीनशेपेक्षा जास्त अश्वशक्ती, ब्रेकचा जोर आणि वळणावरचा आडवा ताण हे सगळे अशा चार तुकड्यांमधून रस्त्यापर्यंत पोहोचते.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. ठशाचे क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. त्यामुळे टायर रुंद घेतला म्हणून ठसा त्या प्रमाणात मोठा होत नाही. तो आडवा वाढतो आणि लांबीला आखडतो. मग वेगवान गाड्यांना मागे रुंद टायर का देतात? एक तर रुंद आणि आखूड ठसा वळणावर लवकर आणि ठाम प्रतिसाद देतो. दुसरे म्हणजे इंजिनाच्या जोराने निर्माण होणारी उष्णता आणि झीज जास्त रबरावर विभागली जाते, त्यामुळे निर्मात्याला अधिक मऊ आणि अधिक चिकटणारे रबर वापरण्याची मुभा मिळते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते दुकानात फारसे कोणी सांगत नाही.

वळणावर टायर ज्या दिशेला रोखलेला असतो, नेमका त्याच दिशेने तो जात नाही. रबर पिळवटते आणि टायर रोखलेल्या दिशेपासून किंचित तिरका सरकतो. या तिरकेपणाच्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात आणि तो कोन असतो म्हणूनच टायर आडवा जोर निर्माण करू शकतो. पुढच्या चाकांचा हा कोन मागच्यांपेक्षा जास्त वाढला, तर गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळते आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला ओढली जाते. याला अंडरस्टिअर म्हणतात. मागच्या चाकांचा कोन जास्त वाढला, तर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते. याला ओव्हरस्टिअर म्हणतात. पहिल्या प्रसंगी घाबरलेला चालक सहजप्रवृत्तीने वेग कमी करतो आणि बहुतेक वेळा गाडी सावरते. दुसऱ्या प्रसंगी तीच सहजप्रवृत्ती घात करते, कारण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला किंवा ब्रेक दाबला की वजन पुढे सरकते, मागची चाके आणखी हलकी होतात आणि शेपटी आणखी वेगाने बाहेर जाते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीचा निर्माता मागच्या जोडीला पुढच्या जोडीपेक्षा थोडी अधिक पकड राखून ठेवतो. पकड संपायचीच असेल, तर ती आधी पुढे संपावी, अशी ही योजना असते.

ताम्हिणी घाटातला जुलैमधला एखादा उताराचा वळसा डोळ्यांसमोर आणा. उतारामुळे वजन आधीच पुढे झुकलेले, वळणात शिरताना ब्रेक लावलेला, रस्त्यावर पाणी वाहते आहे आणि मागचे टायर पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेले. निर्मात्याने राखलेला तो तोल अशा क्षणी पूर्णपणे उलटा झालेला असतो. मागचे टायर कायद्याने चालतील इतपत शिल्लक असतानाही बदलावेत असे मी सांगतो, ते याच कारणाने.

बाजूवरचे आकडे आणि त्या दहा मिलिमीटरचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या गाडीवर १९ इंची चाके असतील, तर पुढे २२५/४० आर १९ आणि मागे २५५/३५ आर १९ ही जोडी प्रचलित आहे. पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. दुसरा आकडा टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची, उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे हे सांगतो. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो.

हिशेब करून पाहू. १९ इंच म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. पुढच्या टायरची भिंत २२५ च्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. ती वर आणि खाली अशी दोनदा धरली, की एकूण व्यास ६६२.६ मिलिमीटर होतो. मागच्या टायरची भिंत २५५ च्या ३५ टक्के, म्हणजे ८९.२५ मिलिमीटर आणि एकूण व्यास ६६१.१ मिलिमीटर. रुंदीत तीस मिलिमीटरचे अंतर असूनही व्यासात फक्त दीड मिलिमीटरचा फरक आहे. हा योगायोग नव्हे. निर्मात्याने दोन्ही आकार मुद्दाम असे निवडले आहेत की पुढची आणि मागची चाके एका किलोमीटरमध्ये जवळजवळ सारखेच फेरे घेतील.

आता मागे २६५/३५ आर १९ घाला. भिंत ९२.७५ मिलिमीटरची होते आणि व्यास ६६८.१ वर जातो. नव्या पुढच्या टायरशी तुलना केली, तर फरक साडेपाच मिलिमीटर, म्हणजे सुमारे ०.८ टक्के. हा आकडा एकटा पाहिला तर क्षुल्लक वाटतो. परंतु माझ्या स्नेह्यांच्या गाडीचे पुढचे टायर नवे नव्हते. नव्या टायरची नक्षी, म्हणजे पृष्ठभागावरच्या खाचा, साडेसात मिलिमीटर खोल होती असे धरले आणि आता ती साडेतीन उरली असेल, तर त्रिज्येतून चार आणि व्यासातून आठ मिलिमीटर गेले. पुढचा व्यास ६५४.६ राहिला. मागे नवा २६५ घातल्यावर दोहोंतले अंतर साडेतेरा मिलिमीटर, म्हणजे दोन टक्क्यांहून अधिक होते. मूळ आकाराचा नवा २५५ घातला, तर तेच अंतर साडेसहा मिलिमीटर, म्हणजे एक टक्का राहते.

दोन टक्क्यांनी बिघडते काय? ही गाडी चारही चाकांना ताकद देणारी आहे. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ताकदीतला काही भाग गरजेनुसार पुढे वळवण्यासाठी तिच्यात अनेक चकत्यांचा एक क्लच बसवलेला आहे. पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरत राहिली, तर तो क्लच सरळ रस्त्यावरही सतत थोडा घसरत राहतो, तापतो आणि झिजतो. शिवाय चाकांच्या गतीतला फरक पाहूनच एबीएस आणि गाडीची स्थिरता राखणारी यंत्रणा चाक घसरते आहे की नाही हे ठरवतात. त्यांना आपण रोज चुकीची माहिती पुरवत असतो. केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत क्लचची ही चिंता नसते, परंतु यंत्रणांची असतेच. म्हणून चारही चाके चालवणाऱ्या गाडीच्या मालकाने मागचे टायर घेण्यापूर्वी पुढच्या टायरांची खोली मोजून घ्यावी आणि निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेशी ती ताडून पाहावी. पुढचे फारच झिजले असतील, तर चारही टायर एकदम बदलणे हाच अखेरीस स्वस्त मार्ग ठरतो.

याहून साधी पण निर्णायक अडचण रिमच्या रुंदीची आहे. या गाडीच्या १९ इंची मागच्या चाकाची रुंदी साडेआठ इंच असते. २५५/३५ आर १९ या आकारासाठी मान्य असलेली रिमची रुंदी साडेआठ ते दहा इंच आहे, तर २६५/३५ आर १९ साठी ती नऊपासून सुरू होते. म्हणजे दुकानात सुचवलेला टायर त्या रिमवर चढला असता, हवाही धरली असती, परंतु तो मान्य मर्यादेबाहेर बसला असता. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या भिंती आत चिमटल्या जातात, पृष्ठभाग मध्यभागी फुगीर होतो, कडा पूर्ण भार घेत नाहीत आणि वळणावर टायर लचकतो. पकड वाढवण्यासाठी पैसे मोजायचे आणि हाती लचक घ्यायची, असा तो व्यवहार झाला असता.

आकारानंतर लिहिलेला आकडा आणि अक्षर तितकेच महत्त्वाचे आहेत. ‘९६ वाय’ असे लिहिले असेल, तर ९६ हा भारांक आहे आणि त्याचा अर्थ तो टायर ७१० किलो भार पेलू शकतो. ९३ म्हणजे ६५० किलो. अक्षर वेगाची मर्यादा सांगते: ‘व्ही’ ताशी २४० किलोमीटर, ‘डब्ल्यू’ २७० आणि ‘वाय’ ३००. ‘आपल्या रस्त्यांवर एवढ्या वेगाने कोण जाणार?’ असे विचारून खालच्या श्रेणीचा टायर घेण्याचा मोह अनेकांना होतो. वरच्या श्रेणीच्या टायरचे पट्टे आणि थर उष्णता व केंद्रापसारी ताण सोसण्यासाठी अधिक मजबूत बांधलेले असतात, आणि मे महिन्यात नागपूरकडे जाताना समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर भरलेल्या गाडीला ताशी १२० ने सलग दोन तास पळवले की ती राखीव ताकद उपयोगी पडते. मूळ टायरपेक्षा खालचा भारांक किंवा खालची वेगश्रेणी कधीही घेऊ नये. ‘एक्सएल’ हे चिन्ह मूळ टायरवर असेल, तर नव्यावरही असले पाहिजे. ते वाढीव भारासाठी वाढीव हवा सहन करणाऱ्या बांधणीचे चिन्ह आहे.

पाणी

महाराष्ट्रात वर्षातले चार महिने पावसाचे आहेत आणि वेगवान गाडीच्या टायरची खरी परीक्षा त्याच चार महिन्यांत होते. रुंद टायरला येथे एक तोटा आहे, जो कोरड्या रस्त्यावर जाणवत नाही. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले असेल आणि गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल, तर २५५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला आपल्या वाटेतून दर सेकंदाला सुमारे २१ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. हे काम नक्षीच्या खाचा करतात. खाचा उथळ झाल्या की पाण्याला जागा उरत नाही, टायरच्या पुढे पाण्याची पाचर तयार होते आणि टायर रस्त्यावरून उचलला जातो. चालक ‘गाडी तरंगली’ असे ज्याचे वर्णन करतात, ते हेच.

विमानांच्या चाकांसाठी नासाने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून यासाठी एक सोपे सूत्र मिळाले: हवेच्या दाबाचे पीएसआयमधले वर्गमूळ घ्या आणि त्याला ९ ने गुणा, की गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर ज्या वेगाला पूर्ण तरंगू लागतो तो वेग नॉटमध्ये मिळतो. ३६ पीएसआयसाठी, म्हणजे वर धरलेल्या २.५ बारसाठी, हे उत्तर ५४ नॉट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर येते. मोटारीचा ठसा विमानाच्या चाकापेक्षा रुंद आणि आखूड असतो, त्यामुळे हा आकडा मोटारीला तंतोतंत लागू पडत नाही; परंतु दोन गोष्टी त्यातून नीट कळतात. हवा कमी असेल तर टायर कमी वेगाला तरंगतो, आणि झिजलेल्या टायरसाठी धोक्याचा वेग द्रुतगती मार्गावरच्या नेहमीच्या वेगाच्या अगदी जवळ आहे.

आपल्या मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते आणि खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे तेवढीच खोली दाखवतात. माझ्या मते शक्तिशाली गाडीच्या मागच्या रुंद टायरांसाठी ही मर्यादा पावसाळ्यात फारच सैल आहे. जूनच्या सुरुवातीला मागची खोली तीन मिलिमीटरच्या खाली असेल, तर सप्टेंबरपर्यंत वाट पाहू नये. ज्यांना शर्यतीच्या मार्गावर चालणारे अर्ध-गुळगुळीत टायर रस्त्यावरही वापरावेसे वाटतात, त्यांनाही हेच सांगावेसे वाटते. त्या टायरांत नवे असतानाच खाचा कमी आणि उथळ असतात. कोरड्या, तापलेल्या डांबरावर त्यांच्यासारखी पकड दुसऱ्या कशाची नाही, पण लोणावळ्याच्या पावसात ते घालून जाणे मला मान्य नाही.

युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर ओल्या रस्त्यावरील ब्रेकच्या कामगिरीची ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी छापलेले लेबल असते. तोच टायर आणि तोच आकार भारतात मिळत असेल, तर ती श्रेणी अवश्य पाहावी.

झीज, आणि तिच्यावर छापलेला आकडा

बऱ्याच टायरांच्या भिंतीवर ‘ट्रेडवेअर ३००’ असा मजकूर आढळतो. ही अमेरिकेतल्या शासकीय श्रेणीपद्धतीची खूण आहे. टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावाभोवतीच्या सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरावीक मार्गावर चाचणीचा टायर एका संदर्भ टायरबरोबर सुमारे ११,६०० किलोमीटर चालवतात आणि दोहोंच्या झिजेची तुलना करून हा आकडा काढतात. संदर्भ टायरचा आकडा १०० धरला, तर ३०० चा अर्थ तीनपट टिकाऊ असा होतो. मात्र श्रेणी स्वतः टायर कंपनीच ठरवून छापते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला हा आकडा ठीक आहे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या टायरांची त्यावरून तुलना करू नये. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४एस वर ३०० हा आकडा असतो, म्हणून दुसऱ्या कंपनीचा ४०० लिहिलेला टायर त्याहून नक्की जास्त चालेल असे नाही.

मागचे टायर लवकर झिजणे हा बहुतेकदा टायरचा दोष नसतो. इंजिनाची ताकद तेथून जाते, आणि पुढच्या व मागच्या टायरांचा आकार वेगळा असल्यामुळे साध्या गाडीप्रमाणे त्यांची पुढे-मागे अदलाबदल करता येत नाही. अमेरिकेत काही कंपन्या अशा गाड्यांवर मागच्या टायरांच्या किलोमीटरची हमी निम्मीच धरतात, ते यामुळे.

झिजलेला जुना टायर काढल्यावर तो लगेच टाकून देऊ नये. आधी त्याच्यावर हात फिरवून पाहावा. आतली कडा बाहेरच्या कडेपेक्षा पुष्कळ जास्त झिजली असेल, तर लोक चाकाच्या आत झुकलेल्या कोनाला, कॅम्बरला, दोष देतात. वेगवान गाड्यांत मागची चाके वरच्या बाजूने आत झुकलेली असतात हे खरे, पण नुसत्या कॅम्बरने टायर हळूहळूच झिजतो. खरा खाऊन टाकणारा दोष टो या कोनाचा असतो, म्हणजे वरून पाहिले असता चाक सरळ रेषेपासून किती वळलेले आहे त्याचा. एखादे चाक ०.२ अंशाने चुकीचे वळलेले असेल, तर भूमितीच्या हिशेबाने दर किलोमीटरला ते सुमारे साडेतीन मीटर आडवे फरफटते. दहा हजार किलोमीटरमध्ये ही फरफट पस्तीस किलोमीटरची होते. नवे टायर बसवल्यावर चारही चाकांचे अलाइनमेंट करणे हा ऐच्छिक खर्च नाही, हे त्या पस्तीस किलोमीटरवरून पटावे.

चिन्हे, रन-फ्लॅट आणि मिळेल ते घेण्याची वेळ

टायरच्या भिंतीवर कधी एक छोटी चांदणी दिसते. ती बीएमडब्ल्यूने मान्य केलेल्या टायरची खूण आहे. पोर्शेसाठी ‘एन’ आणि त्यापुढे आकडा, तर मर्सिडीजसाठी ‘एमओ’ असे लिहिलेले असते. एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या निर्मात्यांसाठी वेगवेगळ्या रबराने किंवा बांधणीने बनवलेला असू शकतो. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे वजनाचा मोठा वाटा मागे पडतो. तिच्या ९९२ या पिढीतल्या करेरा या साध्या मॉडेलला पुढे २३५ आणि मागे २९५ रुंदीचे टायर असतात. तशा गाडीत चिन्हांकित टायरचा आग्रह धरणे मला योग्य वाटते. एम३४०आय सारख्या गाडीत चांदणी असलेला टायर मिळाला तर उत्तम; न मिळाल्यास त्याच श्रेणीचा, त्याच भारांकाचा चांगला टायर चालतो, परंतु तो पुढच्यांशी जुळणारा असावा.

जुळणारा म्हणजे काय, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रन-फ्लॅटचे आहे. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांना हवा गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर चालू शकणारे टायर असतात. त्यासाठी त्यांच्या भिंती जाड आणि ताठ केलेल्या असतात. पुढे रन-फ्लॅट ठेवून मागे साधे मऊ भिंतीचे टायर घातले, तर स्टिअरिंग फिरवल्याबरोबर पुढचा भाग झटकन वळतो आणि मागचा भाग किंचित उशिराने त्याच्यामागे येतो. हा उशीर म्हणजे वर सांगितलेल्या तिरकेपणाच्या कोनातला फरकच आहे, आणि तो नेमका नको त्या दिशेचा आहे. रन-फ्लॅट सोडायचे असतील, तर चारही एकदम सोडावेत आणि डिकीत पंक्चरचे सामान व हवा भरण्याचा पंप ठेवावा. एकाच अक्षावर दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा दोन वेगळ्या नक्षींचे टायर तर कधीच घालू नयेत.

पुढे आणि मागे वेगळ्या कंपन्यांचे टायर घालावे लागले, तर अधिक पकडीची जोडी मागे असावी. याच्या उलट झाले, म्हणजे पुढे उत्तम श्रेणीचे आणि मागे स्वस्तातले कडक टायर, तर कोरड्या रस्त्यावर गाडी छान वळल्यासारखी वाटते आणि पहिल्या पावसात दगा देते.

असा पेच भारतात वरचेवर येतो, कारण मोठ्या आकाराच्या टायरांचा पुरवठा सुरळीत नसतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरांची आयात ‘प्रतिबंधित’ वर्गात टाकली, म्हणजे ती परवान्याशिवाय करता येईनाशी झाली. मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह असणेही सक्तीचे आहे. यामुळे १९ इंचांपासून पुढचे अनेक आकार एखाद्या महिन्यात मिळतात आणि पुढच्या महिन्यात मिळत नाहीत. अपोलो टायर्स ‘फ्रेडेस्टाइन’ या आपल्या डच नाममुद्रेखाली आणि एमआरएफ ‘परफिन्झा’ या नावाने आलिशान गाड्यांचे टायर भारतात विकतात, त्यामुळे थोडा पर्याय वाढला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हाही या गाड्यांच्या मालकांना जाणवण्याजोगा दिलासा आहे. तरीही मागची नक्षी चार मिलिमीटरवर आली, की शोधाला लागावे असे मी सुचवतो. गुळगुळीत टायर घेऊन दुकानात उभा राहिलेला ग्राहक जे समोर असेल ते घेतो.

टंचाईच्या काळात जुना साठाही विकला जातो. टायरवरच्या ‘डॉट’ या खुणेच्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहावेत: २३२४ असे असेल, तर तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला आहे. दोन्ही मागच्या टायरांचे आकडे जवळजवळचे असावेत. नीट साठवलेला वर्षभर जुना टायर घेण्यास हरकत नाही. तीन वर्षांचा मात्र कितीही सवलत मिळाली तरी घेऊ नये, कारण रबर न वापरताही कडक होत जाते आणि बीएमडब्ल्यू तर सहा वर्षांनंतर टायर बदलावेत असे सांगते. त्यातली तीन वर्षे गोदामातच गेलेली असतात.

माझ्या स्नेह्यांनी शेवटी पुढच्या टायरांच्याच कंपनीचे आणि त्याच नावाचे २५५/३५ आर १९ चे दोन टायर मागवले. ते येण्यास अठरा दिवस लागले आणि तोपर्यंत त्यांनी गाडी शहरातच, सावकाश वापरली. बसवताना ‘बाहेरची बाजू’ असे लिहिलेली भिंत दोन्हीकडे खरोखरच बाहेर आली आहे ना, हे त्यांनी स्वतः वाकून पाहिले. हवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणे, टायर थंड असताना भरून घेतली, कारण टायरमधली हवा दहा अंशांनी तापली तरी दाब दीड पीएसआयहून अधिक वाढतो आणि गरम टायरवर मोजलेला आकडा फसवा असतो. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश राहतो, म्हणून पहिले ३०० किलोमीटर त्यांनी गाडी जपून चालवली. आता दर पाच हजार किलोमीटरला ते मागच्या प्रत्येक टायरची खोली आतल्या कडेला, मध्यावर आणि बाहेरच्या कडेला मोजून तारखेसह वहीत लिहितात. पहिल्या नोंदीत तिन्ही आकडे सारखे आले आहेत.